लहान मुलं, घर आणि ख्रिस्ती विश्वास: खानदेशातल्या आईबापांचे नेहमीचे प्रश्न

धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या मंडळ्यांतले (चर्चमधले) आईबाप उपासना सुटल्यावर, चपला घालता घालता हे प्रश्न विचारतात. उत्तरं शब्बाथशाळेच्या, म्हणजे संडे स्कूलच्या, एका शिक्षिकेची आहेत. तुमच्या मंडळीची रीत वेगळी असेल तिथे तुमच्या पाळकांचं किंवा फादरांचं ऐकावं. मुलं साधारण दोन ते नऊ वर्षांची धरली आहेत.

बाळ किती मोठं झालं की देवाबद्दल सांगायला लागावं?

सांगायला लागण्याचं वय नसतं, कारण बाळ आधी ऐकतं आणि बघतं. अंगाईच्या जागी भजन म्हटलं तर सहा महिन्यांच्या बाळालाही चाल ओळखीची होते. पौलाने तीमथ्याला लिहिलं की पवित्र शास्त्र तुला बालपणापासूनच ठाऊक आहे. त्याच पत्राच्या सुरुवातीला त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं येतात. म्हणजे त्याची पहिली शाळा घरातच भरली होती. आपल्याकडे मात्र ‘संडे स्कूलला जातो ना, तिथे शिकेल’ असं म्हणून हात झटकायची सवय फार. आठवड्यातून एक तास आमच्याकडे, उरलेला सगळा वेळ तुमच्याकडे. हिशेब तुम्हीच करा.

रोजची कौटुंबिक उपासना कशी घ्यावी? मुलं पाच मिनिटंही बसत नाहीत.

मग पाचच मिनिटं घ्या. एक गाणं, एक गोष्ट किंवा गोष्टीचा तुकडा, एक प्रार्थना. बाप डोळे मिटून अर्धा तास प्रार्थना करतोय आणि मुलं एकमेकांना चिमटे काढताहेत, अशा उपासनेतून मुलं एवढंच शिकतात की देवाच्या कामात कंटाळा येतो.

वेळ ठरलेली असावी, पण ती घराच्या रहाटीला धरून असावी. बऱ्याच घरांत भाकरी तव्यावर पडायच्या आधीचा वेळ बरा जातो, कारण जेवल्यावर लहानगं पेंगायला लागतं. कापूस वेचायच्या दिवसांत आई अंधार पडल्यावर घरी येते. तेव्हा गाणं वगळा, गोष्ट वगळा, पण ताटावरची प्रार्थना चुकवू नका आणि ती मुलालाच करू द्या.

उन्हाळ्यात तर खानदेशातल्या घरांना फुकटची सोय आहे. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकला की माणसं गच्चीवर नाहीतर अंगणात बाजा टाकतात. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात देव अब्राहामाला तंबूबाहेर आणून म्हणतो, आकाशाकडे बघ, तारे मोजता येतात का मोज. ही गोष्ट बाजेवर उताणं पडूनच सांगायची. मुलं खरोखर मोजायला लागतात, विसापर्यंत जाऊन चुकतात, पुन्हा सुरू करतात. त्या रात्रीची उपासना झाली. वेगळं समारोपाचं गाणं नको.

आणि बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात लिहिलंय काय? मुलांशी या गोष्टी घरी बसताना बोला, वाटेने चालताना बोला, निजताना आणि उठताना बोला. चटईवर ओळीने बसवण्याचा त्यात उल्लेख नाही. शाळेत सोडताना मोटारसायकलवर झालेलं बोलणंही त्यात बसतं.

दोघांचीही ड्युटी शिफ्टची आहे. एकत्र बसणं होतच नाही.

रेल्वेतली, दवाखान्यातली घरं हे नेहमी विचारतात. जो घरी असेल त्याने झोपताना मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दोन वाक्यांची प्रार्थना करावी. नाइटवर असलेल्या आईने जमल्यास फोन करून तीच करावी. आई नर्स असेल तर मुलाने वॉर्डातल्या पेशंटसाठी प्रार्थना करायची. नाव न सांगता ‘पायाला लागलेले बाबा’ एवढं पुरतं.

आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. चार-पाच महिने चर्च नाही, संडे स्कूल नाही.

नंदुरबारकडच्या कितीतरी कुटुंबांचा हा प्रश्न आहे, आणि शहरातल्या मंडळ्यांना त्याची कल्पनाही नसते. इस्राएल लोकांची चाळीस वर्षं तंबूंतच गेली. मुलांना देवाची ओळख तिथेच झाली. ऊसतोडीच्या कोपीत (झोपडीत) राहणाऱ्या मुलाला ही गोष्ट बंगल्यातल्या मुलापेक्षा लवकर कळते, हे मी वर्गात बघते.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी करा. पाठ झालेली चार गाणी आणि दोन वचनं घेऊन जा. पुस्तक हरवतं, पाठांतर हरवत नाही. फोनमध्ये बायबलचं ऑडिओ रेंजमध्ये असतानाच उतरवून घ्या. आणि त्याच टोळीत दुसरं विश्वासू कुटुंब असेल तर रविवारी रात्री दोन्ही घरची मुलं एकत्र बसवायचं आधीच ठरवा. पाळकांनाही सांगून जा. सांगितलं तर फोन येतो, न सांगता गेलात तर हजेरीत नुसती फुली पडते.

कुठल्या गोष्टी आधी सांगाव्यात? बायबलमध्ये मारामाऱ्याही आहेत.

आहेत, आणि त्या लपवायच्या नाहीत. फक्त क्रम आपला ठेवायचा. दोन-तीन वर्षांच्या मुलाला सृष्टी, हरवलेलं मेंढरू, मुलांना जवळ घेणारा येशू. चार-पाचच्या मुलाला जक्कय, पाच भाकरी आणि दोन मासळ्या, वादळ शांत होणं, बालक शमुवेल. योसेफ आणि त्याचे भाऊ सहाच्या पुढे. भावंडांत भांडण झालेलं असेल तर त्याच दिवशी. गल्याथाचं मुंडकं कापल्याचा तपशील आठ वर्षांपर्यंत थांबला तरी काही बिघडत नाही. पोरगेच तो शोधून काढतात, आणि मग दर रविवारी तीच गोष्ट मागतात.

नोहाचं तारू चित्रात फार गोड दिसतं, म्हणून ते आपण सगळ्यात आधी सांगतो. पण चौथ्या वर्षी मूल विचारतं, ‘बाकीची बाळं कुठे गेली?’ उत्तर तयार नसेल तर ती गोष्ट थोडी पुढे ढकला.

सांगताना आपल्या शिवारात आणा. धुळे जिल्ह्यातल्या मुलांनी ठेलारी मेंढपाळांचे कळप रस्त्याने जाताना पाहिलेले असतात. शंभरातलं एक मेंढरू मागे राहिलं तर काय होतं, हे त्यांना पुस्तकातल्या चित्रावरून सांगावं लागत नाही. जक्कय उंबराच्या झाडावर चढला होता. उंबर गावोगावी आहे, मुलाला खाली उभं करून वर बघायला लावा. पेरणाऱ्याच्या दाखल्याला मात्र शेतकऱ्याचं पोर हमखास अडवतं: ‘असं कुणी बी फेकतं का? आमचे बाबा तिफणीने पेरतात.’ बरोबरच आहे त्याचं. त्या देशात तेव्हा बी मुठीने विखरत, म्हणून काही वाटेवर आणि काही खडकाळीवर पडलं, हे सांगितलं की त्याचं समाधान होतं. वाटेवरचं बी पाखरांनी टिपलं, हे तर त्याने बांधावर बसून पाहिलेलंच असतं.

गोष्टीनंतर ‘मग यातून आपण काय शिकलो?’ विचारू नका. शाळेत दिवसभर तेच असतं. ‘तू त्या गर्दीत असतास तर कुठे उभा राहिला असतास?’ असं विचारा आणि गप्प बसा.

घरी अहिराणी बोलतो. प्रार्थना शुद्ध मराठीतच करायला शिकवावी का?

नाही. मूल आईशी ज्या बोलीत हट्ट करतं, त्याच बोलीत त्याने देवाशी बोलावं. ‘देवा, मना भाऊले बरं कर’ ही पूर्ण प्रार्थना आहे. भिली, पावरी, मावची, लेवा बोलणाऱ्या घरांनाही हेच उत्तर. अहिराणी आणि मावचीत नवा करार झालेला आहे, फोनवर वाचता-ऐकता येतो. आजीला एकदा तिच्या बोलीत योहानाचं शुभवर्तमान ऐकवा, मग गोष्टी सांगायचं काम ती आपणहून अंगावर घेईल. मंडळीत म्हणायची प्रभूची प्रार्थना आणि स्तोत्रं प्रमाण मराठीत पाठ असू द्या, दोन्ही चालतं.

पाठांतर किती करून घ्यावं?

थोडं आणि पक्कं. पाच वर्षांपर्यंत प्रभूची प्रार्थना, सातपर्यंत तेविसावं स्तोत्र, एवढं झालं तरी भरपूर. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ ही ओळ मुलाला आज अर्धीच कळेल. पण पंचविसाव्या वर्षी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून त्याला ती आठवेल, आणि आठवण्यासाठी आज पाठ हवी. बक्षिसाच्या पेन्सिलीसाठी एका महिन्यात तीस वचनं घोकणारी मुलं मी पुष्कळ पाहिलीत. पेन्सिल संपते त्याच सुमारास वचनंही संपतात.

चालीवर बसवलेलं टिकतं. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजनं आणि अभंग आपल्याच छंदांत लिहिले. टाळ असतील तर मुलांच्या हातात द्या. ठेका चुकेल, घर दणाणेल, चालू द्या.

मूल प्रार्थनेत काहीही मागतं. बकरीसाठी, बॅटसाठी. अडवावं का?

अडवू नका. बकरी हरवली असेल तर त्याच्यासाठी त्या दिवसाची सगळ्यात मोठी गोष्ट तीच असते. हळूहळू आपल्या प्रार्थनेतून त्याला दुसऱ्यांसाठी मागणं आणि आभार मानणं ऐकू येतं, आणि ते उचलतं. हसू मात्र नका, आणि पाहुण्यांसमोर ‘बघा आमचा काय मागतो’ म्हणून सांगू नका. ते पुन्हा मोठ्याने प्रार्थना करणार नाही.

मुलाला सिकलसेल आहे. तो विचारतो, देव मला बरं का करत नाही?

या पानावरचा सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी वस्त्यांत हा प्रश्न अनेक घरांत आहे.

आधी आईबापांच्या मनातलं काढू या. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आई आणि वडील दोघांकडूनही ते जनुक आलं की मुलाला तो होतो. एकाकडूनच आलं तर मूल वाहक असतं. कुणी करणी केली म्हणून तो होत नाही, तुमच्या एखाद्या पापाची ती शिक्षाही नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य नेमकं हेच विचारतात: पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. तुमच्या घरात कुणी, अगदी उपदेश करणाऱ्या पाहुण्याने, ‘विश्वास कमी पडतोय’ असं मुलासमोर म्हटलं, तर त्याला हा अध्याय उघडून द्या.

मुलाला काय सांगायचं? खरं ते. ‘का ते आम्हाला कळत नाही. आम्हीही रोज मागतो.’ जरा मोठ्या मुलाला गेथशेमाने बागेची गोष्ट सांगा. येशूने स्वतः प्रार्थना केली की हा प्याला माझ्यापासून टळू दे, आणि तो टळला नाही. बाप ऐकत होता, तरीही टळला नाही. यातून उत्तर मिळतं असं मी म्हणणार नाही, पण मुलाला सोबत मिळते.

आणि दुखणं उठलं की आधी दवाखाना. औषध, भरपूर पाणी, डॉक्टरांची तारीख, आणि प्रार्थना त्यांच्याबरोबर. त्यांच्या जागी नाही. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला ख्रिस्ती दवाखाना पूर्वीच्या विश्वासणाऱ्यांनी उगाच नाही उभारला.

आजी गेली. मुलाला काय सांगावं?

‘आजी झोपली’ म्हणू नका, लहान मूल रात्री झोपायला घाबरतं. ‘देवाला चांगली माणसं हवी असतात म्हणून नेलं’ हे तर मुळीच नको. देव आपली माणसं पळवतो असं त्याच्या मनात बसतं. आजी वारली, तिचं शरीर कबरस्तानात ठेवलं, ती प्रभूजवळ आहे आणि आपण पुन्हा भेटू. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला होता, म्हणून आपणही रडायचं. मातीला मुलाला नेलं तरी चालतं, फक्त धरायला एक शांत माणूस हवा.

‘खोटं बोललास तर येशू शिक्षा करेल’ म्हटलं की पटकन ऐकतो. काय हरकत आहे?

मोठी हरकत आहे. मूल ऐकेना की आपण बुवाला बोलावतो, पोलिसाला बोलावतो, सुई टोचणाऱ्या डॉक्टरला बोलावतो. त्या रांगेत येशूला उभं करू नका. चूक झाली तर शिक्षा तुमची तुम्ही करा, तुमच्या नावाने करा, आणि ती झाल्यावर जवळ घ्या. इफिसकरांच्या पत्रात बापांना स्पष्ट बजावलंय की मुलांना चिरडीस आणू नका.

याउलट, चूक तुमची असेल तर मुलाची माफी मागा. पापांची क्षमा हा विषय ते त्या दोन मिनिटांत शिकतं, आमच्या वर्गात त्याला वर्ष लागतं.

गणपती, कानबाई (खानदेशातली देवी), आखाजी (अक्षय्य तृतीया). शेजारी बोलावतात. मुलाला पाठवावं का? प्रसादाचं काय?

मंडळ्यामंडळ्यांत यावर मतं वेगळी आहेत आणि भांडणंही झाली आहेत. माझं मत सांगते.

सगळे सण एका मापाने मोजू नका. आखाजीला झाडाला झोके बांधतात, सासुरवाशिणी माहेरी येतात, गाणी म्हणतात. त्या झोक्यावर ख्रिस्ती मुलीने बसायला काय हरकत? त्याच दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात आणि घास टाकतात, तो मात्र पूजेचा भाग आहे; तिथे आपण अदबीने बाजूला राहतो. कानबाईचे रोट (नैवेद्य) तर भाऊबंदकीचे असतात, त्यात बाहेरच्याने शिरायचा प्रश्नच सहसा येत नाही. पण शेजारणीने दुसऱ्या दिवशी पुरणपोळी पाठवली तर ती पोळी आहे, खावी.

प्रसादाबद्दल करिंथकरांच्या पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा हे अध्याय स्वतः वाचा. मूर्ती काहीच नाही, म्हणून खाण्याने कुणी बाटत नाही, हे पौल सांगतो. आणि दुसऱ्याच्या विवेकाला ठेच लागत असेल तर खाऊ नका, हेही सांगतो. तुमच्या घराने काय ठरवलंय ते मुलाला आधीच साध्या शब्दांत सांगून ठेवा, म्हणजे शाळेत मोदक समोर आल्यावर ते गोंधळत नाही. नको असेल तर ‘नको काकू, धन्यवाद’. प्रसाद फेकणं, तोंड वाकडं करणं, ‘तुमचा देव खोटा’ म्हणणं, हे आमच्या लेखी प्रसाद खाण्याहून वाईट.

आणि आपलंही दार उघडं हवं. धरणगावला जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, नगरला नारायण वामन टिळकांच्या घरी राहिले. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं होतं, ‘बालकवी’ हे नाव त्यांना तिथलंच. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना घरच्या पोरासारखं वागवलं. मुलाचे मित्र नाताळला घरी येतात तेव्हा असं वागवता येतं का बघा.

सासरचे ख्रिस्ती नाहीत, किंवा नवरा चर्चला येत नाही.

तीमथ्याचे वडील ग्रीक होते, विश्वास आई आणि आजीकडून आला. मुलासमोर नवऱ्याला किंवा सासूला खाली पाडून मूल प्रभूकडे येत नाही. सासूला नमस्कार, तिची सेवा, तिच्या आजारपणात जागरण, हे चालू ठेवा. झोपतानाची प्रार्थना तुमची. त्याला बहुधा कुणी हरकत घेत नाही.

शाळेत चिडवतात. आणि शाळेतल्या प्रार्थनेचं काय?

चिडवणं गंभीर असेल तर शिक्षकांना शांतपणे भेटा. मुलाला एकट्याला लढायला लावू नका. परिपाठातली राष्ट्रगीत, प्रतिज्ञा ही सगळ्यांचीच आहेत. धार्मिक शिक्षण किंवा पूजा असेल तर राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदानुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात सामील करता येत नाही. हा नियम आपल्या मिशनच्या शाळांत येणाऱ्या इतर मुलांनाही तेवढाच लागू आहे, हे विसरू नये.

बाप्तिस्मा कधी?

मंडळीप्रमाणे. कॅथलिक घरांत तान्हेपणी बाप्तिस्मा आणि समज आल्यावर पहिला ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन). अलायन्ससारख्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत बाळाचं समर्पण करतात, बाप्तिस्मा स्वतः विश्वास कबूल केल्यावर. उत्तर भारतीय मंडळीत दोन्ही रीती आहेत. चुलतभावाचा झाला म्हणून घाई करू नका.

नाताळात सांताक्लॉज सांगावा का?

सांगा, पण माणूस म्हणून. मायराचा बिशप निकोलस, चौथ्या शतकातला, गरिबांना देणारा. गोठा मात्र मुलांनीच करावा: कडबा, शेण सारवलेली फळी, मातीचे बैल. डिसेंबरच्या थंडीत रात्री गाणी म्हणत फिरणाऱ्या टोळीबरोबर एक तरी फेरी मुलांना मारू द्या, दुसऱ्या दिवशी शिंका आल्या तरी.

उत्तम शुक्रवारचं (गुड फ्रायडेचं) सांगताना खिळ्यांवर फार रेंगाळू नका. लहान मुलाला ‘चांगल्या माणसाला का मारलं?’ हा प्रश्न पुरतो. आणि त्याला शुक्रवारी सोडून रविवारपर्यंत ताटकळत ठेवू नका. त्याच दिवशी सांगा की गोष्ट अजून संपलेली नाही.

मोबाइलवरची बायबल कार्टून दाखवावीत?

शेजारी बसून, एकच. कार्टून बघितलं म्हणजे उपासना झाली, असं समजू नका.

मुलाच्या हातून दान कसं द्यावं?

दारात दहाची नोट त्याच्या मुठीत कोंबून नव्हे. ती तुमची नोट, त्याला तिचं काही वाटत नाही. स्वतःच्या खाऊच्या पैशातून एक रुपया निघाला तर तो त्याचा. कापणीच्या सणाला तर मुलांसाठी फार चांगली सोय आहे: त्याने पाणी घातलेल्या वेलाचं गिलकं, त्याने सांभाळलेल्या कोंबडीची अंडी, मूठभर बाजरी. चर्चमधल्या अर्पणांच्या लिलावात त्या गिलक्याची बोली चढते तेव्हा मूल आनंदाने उड्या मारतं. बोली तुम्ही स्वतः लावू नका, दुसऱ्याला नेऊ द्या. आणि घरी जाताना ‘आपलं गिलकं कुणाच्या भाजीत गेलं असेल?’ एवढं विचारायला हरकत नाही.